लॅपटॉप विकू नका ताई, आधी वायरमनला बोलवा

वाचकाचं पत्र:

"मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. अमरावतीला बी.कॉम. करत होते तेव्हा, २०१८ मध्ये, भावानं लॅपटॉप घेऊन दिला. १५.६ इंची, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. आता गावातच असते. आमच्या आणि बाजूच्या गावातल्या मिळून ११ बचत गटांचे हिशेब ठेवते, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. रोजचं सहा-सात तास काम. खाली बसून, चौरंगावर लॅपटॉप ठेवून करते. मान आखडून जाते. लॅपटॉप फार हळू झाला आहे आणि इतका तापतो की हात ठेववत नाही. कधी कधी हाताला झिणझिण्याही येतात. बाबा म्हणते, 'हे इकून टाक अन् डब्ब्यावाला कम्प्युटर घे, त्याचं काही बिघडलं तं तालुक्यात दुरुस्त होते.' माझ्याजवळ १२ हजार रुपये आहेत. विकू की यालाच मोठी स्क्रीन जोडून घरचा कायमचा कम्प्युटर करू? घरी ३२ इंची टीव्ही आहे, तो जोडला तर चालेल का? टेबल मधल्या खोलीत लावायचा विचार आहे. तिथं दिवाळीनंतर कापूस भरतो, एरवी ती खोली रिकामीच असते. महिन्यातून दोनदा ग्रामसंघाच्या बैठकीला लॅपटॉप सोबत न्यावा लागतो."

एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ताई,

विकू नका. तुमच्या कामाला हाच लॅपटॉप पुरेल, आणि नीट बसवला तर अजून काही वर्षं पुरेल. पण स्क्रीनकडे वळण्याआधी मला तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर थांबायचं आहे. ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे, आणि सगळ्या पत्रात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. हाताला झिणझिण्या येतात.

लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेचा खरखराट गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांच्यातून अगदी थोडा करंट पुढे झिरपतो. भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या, मोठ्या भोकाला खरोखर अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर लॅपटॉपच्या धातूच्या भागावर साचून राहतो आणि तुमचा हात लागला, पाय ओल्या फरशीवर असला, की तुमच्यातून वाट काढतो. चार्जर चांगला असेल तर हा करंट बहुधा जीवघेणा नसतो. पण झिणझिण्यांचं कारण चार्जरच आहे की घरातल्या वायरिंगमध्ये कुठं फेज, म्हणजे विजेची चालू तार, उघडी पडली आहे, हे हाताला कळत नाही. म्हणून तुमच्या १२ हजारांतला पहिला रुपया भिंतीत जाऊ द्या.

आपल्याकडे खेड्यातल्या बऱ्याच घरांत बोर्डावर तीन भोकांचं सॉकेट असतं, पण मागं हिरवी तार नसतेच. कुठं तार असते आणि ती बोर्डातच न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेला, जोडून दिलेली असते. हे दुसरं प्रकरण फार वाईट. बाहेर खांबावर न्यूट्रल तुटला तर फ्रिज, कूलर, लॅपटॉप, सगळ्यांच्या अंगावर थेट वीज येते. वायरमनला बोलावून स्पष्ट विचारा, अर्थची तार कुठं जाते ते दाखवा. टेस्टरच्या दिव्यानं फक्त फेज कळते, अर्थिंग कळत नाही, तेव्हा "टेस्टर लावून पाहिलं, ठीक आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. अर्थिंगचा खड्डाच नसेल तर घराबाहेर, जमलं तर न्हाणीचं पाणी जातं त्या ओलाव्याच्या बाजूला, दोन-अडीच मीटर पाइप उतरवून कोळसा-मीठ घालून अर्थिंग करून घ्या. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती अर्थिंगला उत्तम, पण एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात आणि पाइपाभोवतीची माती सुटते. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकायचं काम घरात कुणाला तरी नेमून द्या. वायरमन आलाच आहे तर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. अंगातून करंट जाऊ लागला तर तो क्षणात लाइन तोडतो. ही गोष्ट फक्त लॅपटॉपसाठी नाही, घरातल्या लेकरांसाठी आहे.

आता म्हणाल, मी स्क्रीनचं विचारलं आणि हे अर्थिंगचं काय लावलं. दोन्हीचा संबंध आहे. मी वर्ध्यात संगणक दुरुस्तीचं काम करतो. गेल्या उन्हाळ्यात एका गुरुजींचा लॅपटॉप आला. त्यांनी नवीन मॉनिटर आणला, तो खोलीतल्या एका बोर्डावर लावला, लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या बोर्डावर, आणि दोन्ही चालू असताना एचडीएमआयची, म्हणजे स्क्रीनला चित्र नेणारी, केबल जोडली. बारीकशी ठिणगी उडाली आणि लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट कायमचं गेलं. दोन्हीकडे अर्थिंग नव्हतं. दोन यंत्रांच्या अंगावर वेगवेगळा दाब तरंगत होता आणि केबल जोडताच तो एकमेकांत उतरला. पोर्ट मदरबोर्डवर असतं, त्यामुळे दुरुस्ती महाग पडली. तुम्ही मॉनिटर जोडाल तेव्हा मॉनिटर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर लावा, दोन्ही बंद करा, पिना काढा, मग केबल बसवा आणि त्यानंतर वीज द्या.

बाबांच्या म्हणण्याबद्दल बोलतो, कारण ते चुकीचं नाही. डब्ब्यातला कम्प्युटर खरंच सुटा सुटा दुरुस्त होतो. पॉवर सप्लाय जळला तर तेवढाच बदलायचा, पंखा अडकला तर तोच. लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तर खर्च पाहून माणूस दुसरा घेण्याचाच विचार करतो. पण तुमच्या घरचा हिशेब वेगळा लागतो. २०१८ चा लॅपटॉप विकून हातात फार काही येणार नाही. १२ हजारांत जुना डब्बा, जुना मॉनिटर आणि वर यूपीएस घ्यावा लागेल. त्या यूपीएसमधली बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, आणि चांगली असतानाही दहा-पंधरा मिनिटांच्या वर नेत नाही. लाइन गेली की अर्धवट भरलेला फॉर्म गेला. लॅपटॉपच्या पोटात बॅटरी आहे, तोच तुमचा यूपीएस. साधं टायपिंग आणि ऑनलाइन काम करताना लॅपटॉप आणि २२ इंची मॉनिटर मिळून ४० ते ५० वॅटच्या आसपास ओढतात. छताचा जुना पंखा ७०-७५ वॅट घेतो. पुढं कधी घरी इन्व्हर्टर आलाच तर त्यावर हे तासन् तास चालेल. जुना डब्बा याच्या दुपटी-तिपटीनं खातो. आणि महिन्यातून दोनदा ग्रामसंघाच्या बैठकीला तुम्ही डब्बा उचलून नेणार नाही. हे सगळं बाबांना सांगा. त्यांना पटेल असं वाटतं, कारण त्यांचा प्रश्न बिघाडाचाच आहे आणि खेड्यात पहिला घाव विजेचाच बसतो.

फक्त एका बाबतीत माझं उत्तर बदलेल. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा, मग उलटा करूनही बघा. पोट फुगलेलं दिसतं का, एखादा कोपरा उचलला जातो का, टचपॅड वर आला आहे का, त्याचं बटण दबेनासं झालं आहे का? यातलं काहीही असेल तर बॅटरी फुगली आहे. त्याच दिवशी चार्जिंग बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका, आणि दुरुस्तीवाल्याकडून ती काढून घ्या. नवी बॅटरी बसवल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही.

फुगलेली नसेल तर एक चाचणी घ्या. पूर्ण चार्ज करा, पिन काढा आणि नेहमीचं काम करत घड्याळाकडे लक्ष ठेवा. अर्ध्या तासाच्या वर चालला तर आपल्या कामाला पुरे. पाच मिनिटांत विझला तर नवी बॅटरी घ्यावी लागेल आणि मॉनिटर पुढं ढकलावा लागेल.

लॅपटॉप कायम टेबलावर राहणार म्हणजे पिन कायम लावलेली राहणार. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी लवकर म्हातारं करतात, सतत १०० टक्क्यांवर भरून राहणं आणि उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात दोन्ही एकदम होतात. म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली थांबवण्याची सोय चालू करा. बहुतेक कंपन्या ती देतात. लेनोवोत व्हँटेज नावाच्या ॲपमध्ये 'कन्झर्व्हेशन मोड', एसुसमध्ये 'बॅटरी हेल्थ चार्जिंग', डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये. तुम्ही कंपनी लिहिली नाही, पण कंपनीच्या ॲपमध्ये किंवा लॅपटॉप चालू होताना बायॉसमध्ये जाऊन 'बॅटरी' शब्द शोधलात तर सापडावं. बैठकीच्या आदल्या रात्री तेवढी ती मर्यादा काढून १०० टक्के भरून घ्या.

आता खोली. मधल्या खोलीत लावू नका. मला माहीत आहे, एरवी ती रिकामी असते, थंडही असेल. पण वेचणी झाली की तिथं छताला लागेल इतका कापूस भरला जातो, आणि भाव वाढायची वाट पाहत तो कधी फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतो. त्या खोलीत गेलं की अंगाला खाज सुटते ना, तेच तंतू लॅपटॉपचा पंखा आत ओढतो. आत तांब्याच्या नळीच्या टोकाला जाळीदार पातळ पत्रे असतात, त्यांच्या तोंडावर रुईची नमद्यासारखी गादी जमते. मग पंखा कितीही फिरला तरी हवा बाहेर पडत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट, कापसाच्या ढिगाजवळ विजेचा बोर्ड, एक्स्टेन्शन, गरम चार्जर ठेवायचाच नाही. एक ठिणगी पुरते. वर्षभराची मेहनत त्या खोलीत असते. जागा नसेल तर समोरच्या खोलीतला कोपरा घ्या, छोटं टेबल चालेल, पण कापूस आणि वायर एका खोलीत नको.

कोपरा निवडताना खिडकी बाजूला येईल असं बघा. पाठीमागं आली तर स्क्रीनवर चमक येते, समोर आली तर डोळे दिपतात. वर टिनं असतील तर त्या खोलीत दुपारी बारा ते चार जड काम नको. लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायचा म्हणून बनवलेला असतो. आपल्याकडे नवतप्यात बाहेर ४५ च्या वर जातं आणि टिनांखालची खोली दुपारी भट्टी होते. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे हळू चालणं हेही बऱ्याचदा तापण्याचंच लक्षण असतं. उन्हाळ्यात फॉर्मचं काम सकाळी उरका आणि दुपारी वहीतलं काम घ्या. कूलर लावत असाल तर त्याची हवा खोलीत फिरू द्या, थेट लॅपटॉपच्या अंगावर नको. त्या हवेत पाण्याचा दमटपणा असतो आणि जवळ बसलं तर बारीक शिंतोडेही.

तुमचा लॅपटॉप इतका तापतो याचं एक कारण मी न पाहता सांगू शकतो. इतक्या वर्षांत तो कधी उघडून साफ केला नसेल. यवतमाळला किंवा दारव्ह्याला चांगला माणूस बघून पंखा काढून साफ करून घ्या आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या. जुनी पेस्ट वाळून तिची पापडी होते. पंक्चरच्या दुकानातल्या हवेच्या नळीनं साफ करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या हवेत पाणी आणि तेलाचे कण असतात, आणि तिच्या जोरानं पंखा भलत्या वेगानं फिरून त्याचं बेअरिंग जातं.

साफ करायला उघडलाच आहे तर त्याच वेळी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घ्या. तुमच्या लॅपटॉपला हळूपणाचा जो आजार आहे त्याचं मोठं औषध हेच. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई सरकते, एसएसडीत काहीच हलत नाही. चालू व्हायला जी तीन-चार मिनिटं लागत असतील ती अर्ध्या मिनिटाच्या आत येतील. २५६ जीबीची पुरे. रॅम ४ ची ८ जीबी करता आली तर फार बरं. ब्राउझरमध्ये चार पानं, एक्सेल आणि एखादी पीडीएफ एवढ्यातच ४ जीबी संपतात. पण रॅम आणि एसएसडीचे भाव अलीकडे चढले आहेत. दोन्ही एकदम परवडलं नाही तर आधी एसएसडी घ्या, रॅम पुढच्या हंगामात.

काढलेली १ टीबीची हार्ड डिस्क दुकानात ठेवून येऊ नका. तिच्यासाठी यूएसबीचं केसिंग मिळतं, काही शे रुपयांत. त्यात ती बसवली की झाली तुमची बॅकअपची डिस्क. ११ गटांचे हिशेब एकाच यंत्रात असणं मला स्वस्थ बसू देत नाही. या गटांतल्या बायांनी शंभर-दोनशे करून जमवलेला पैसा त्या फायलींत लिहिला आहे. दर शनिवारी सगळे हिशेब त्या डिस्कवर उतरवा, डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवली आणि वीज कडाडली तर दोन्ही एकदम जातील.

एसएसडी टाकताना विंडोज ११ टाकून घ्या. विंडोज १० ला सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे आणि विंडोज ११ साठी, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचीच चालते, तेव्हा तुम्ही अगदी उंबरठ्यावरून आत आलात. बायॉसमध्ये टीपीएम नावाची सुरक्षेची सोय, काही ठिकाणी तिला पीटीटी म्हटलेलं असतं, चालू करावी लागेल, आणि सिक्युअर बूटही चालू असू द्या. तुम्ही लोकांचे आधार, बँक पासबुक, सातबारा हाताळता. जुन्या, अपडेट न येणाऱ्या यंत्रावर ते काम करणं बरोबर नाही. आणि लोकांची कागदपत्रं स्कॅन केली की काम झाल्यावर पुसून टाकायची, रिसायकल बिनमधूनसुद्धा. हा कम्प्युटर आता घरचा होणार, भाऊ आला की तोही बसणार. तुमच्या कामाचं खातं वेगळं ठेवा, त्याला पिन टाका, घरच्यांसाठी दुसरं खातं उघडा.

आता मान. मान का दुखते? लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात सुखी ठेवायचे तर स्क्रीन खाली जाते आणि मान वाकते. स्क्रीन वर घ्यावी तर हात टांगले जातात. इलाज एवढाच की दोघांना वेगळं करायचं. आणि त्यासाठी मॉनिटर लागतच नाही. तारेचा कीबोर्ड आणि माउसची जोडी हजाराच्या आत-बाहेर मिळते. ती आणा, लॅपटॉप उंचावर ठेवा, आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल असं करा. उंचीसाठी चार कोपऱ्यांना चार विटा ठेवल्या तरी चालतात. पोटाखालची हवेची भोकं मोकळी राहतात, ते उलट चांगलंच. विटा कापडात गुंडाळा म्हणजे चुरा पडणार नाही. कीबोर्ड नंबर पॅडवाला घ्या. हिशेबाचे आकडे टाकताना उजव्या हाताच्या बोटांना एकदा ती सवय लागली की वेळ अर्धा होतो.

तुमच्या पाठीला टेबल-खुर्चीची सवय नसेल आणि खाली बसूनच बरं वाटत असेल तर तसंही चालेल. चौरंगावर कीबोर्ड, त्यामागं उंच पाटावर लॅपटॉप. नियम तोच, कोपर शरीराजवळ आणि काटकोनात, स्क्रीन हातभर लांब. पण सहा-सात तास मांडी घालून नको, गुडघ्यांचा विचार करा. टेबल घ्याल तर दुकानातलं टेबल बहुधा ७५ सेंटिमीटर उंच असतं, आपल्याकडच्या बऱ्याच बायांना ते उंच पडतं. खुर्चीवर उशी घ्या आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट ठेवा.

टीव्हीबद्दल. जोडता येईल, केबल तीच. पण रोजच्या कामाला नको. ३२ इंचीचे बरेच टीव्ही एचडी रेडी असतात, म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके. ते ३२ इंचांवर पसरले की इंचाला ४९ च्या आसपास ठिपके येतात. २२ इंचीच्या फुल एचडी मॉनिटरवर तेच १०० च्या आसपास असतात. सिनेमा लांबून बघायला फरक पडत नाही. पण हातभर अंतरावरून मराठी अक्षर वाचताना फार पडतो. आपल्या लिपीत रफार, अनुस्वार, उकार हे बारीक ठिपक्यांतच उभे असतात. नावातला अनुस्वार दिसला नाही म्हणून लाभार्थीचं नाव चुकलं आणि अर्ज परत आला, असं होऊ द्यायचं नाही. शिवाय घरचे मालिका लावणार, आणि तुमचं काम रात्री दहानंतर सुरू होणार.

मॉनिटर घ्याल तेव्हा २२ इंची, १९२० बाय १०८०, एचडीएमआय असलेला बघा. साधारण सहा ते आठ हजारांत मिळतो. दुकानदार जुना व्हीजीएवाला स्वस्तात देऊ करेल. तुमच्या लॅपटॉपला व्हीजीए पोर्ट नसेल तर नुसत्या केबलनं तो चालत नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि अक्षरंही पुसट येतात. तुमच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र निघेलच असंही धरू नका. शेजारी डिस्प्लेपोर्टची इंग्रजी डी-पीची खूण किंवा थंडरबोल्टची विजेची खूण असेल तरच निघण्याची आशा. एचडीएमआयचा सरळ रस्ता असताना महागड्या डॉकिंगच्या मागं लागायचं कारण नाही.

मॉनिटर लागला की विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबा, 'एक्स्टेंड' निवडा, आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मोठ्या स्क्रीनला 'मेन डिस्प्ले' करा. बरेच लोक लॅपटॉपचं झाकण बंद करून बाजूला ठेवतात. तुम्ही उघडंच ठेवा. अनेक लॅपटॉप गरम हवा बिजागरीजवळून बाहेर टाकतात, झाकण मिटलं की ती कोंडते आणि आपल्या उन्हाळ्यात ते परवडत नाही. उघड्या छोट्या स्क्रीनवर अर्जासोबतचा कागद ठेवायचा, मोठ्यावर अर्ज भरायचा, मान इकडून तिकडे फिरवत वही बघायची गरज उरत नाही. कॅमेराही मोकळा राहतो, बँकेच्या व्हिडिओ केवायसीला लागतोच.

मराठी टायपिंगला विंडोजमध्येच सोय आहे, भाषेत मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. कुणी कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप करून दिलेलं जपून वापरा, ते युनिकोड नाही, ऑनलाइन अर्जात चिकटवलं की त्याची चिन्हं होतात.

अंगठ्याचं यंत्र, प्रिंटर, पेनड्राइव्ह, कीबोर्ड, माउस, एवढ्यांना पोर्ट पुरणार नाहीत. साधा यूएसबी हब घ्या, पण त्यावर कीबोर्ड आणि माउसच लावा. अंगठ्याचं यंत्र आणि बॅकअपची डिस्क थेट लॅपटॉपला. हबवर वीज वाटली जाते आणि मग ऐन वेळी अंगठा घेतला जात नाही, बिचारी म्हातारी माणसं पुन्हा पुन्हा बोट दाबत बसतात. इंटरनेट फोनवरून घेत असाल तर केबलनं जोडून घ्या, वायफाय हॉटस्पॉटपेक्षा ते स्थिर चालतं आणि फोनही चार्ज राहतो.

विजेबद्दल अजून एक. चार्जरवर बघा, १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल. म्हणजे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या आणि दिवे मिणमिणले तरी त्याला फारसं काही होत नाही. घात होतो तो व्होल्टेज चढल्यावर. गावात न्यूट्रल सुटला तर काही घरांत ३०० च्या वर व्होल्ट येतात, बल्ब एकदम पांढरेशुभ्र पेटतात. त्या वेळी धावत जाऊन मेन बंद करायचा. स्पाइक गार्ड क्षणभराचा धक्का झेलतो, असा लांबलेला चढ नाही झेलत. त्यासाठी वायरमन एमसीबीच्या पेटीत ओव्हर-अंडर व्होल्टेजचा कटआउट बसवून देतो. तो आरसीसीबीसोबतच विचारा.

मृगाच्या तोंडावर विजा पडायला लागल्या की बटण बंद करून भागत नाही. चार्जरची पिन, मॉनिटरची पिन, इंटरनेटची तार असेल तर तीही, सगळं सॉकेटमधून ओढून काढायचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, आसपास वीज पडण्याची सूचना देतं. ते फोनवर घ्या. तुमच्या लॅपटॉपसाठी घ्या आणि वावरात गेलेल्या बाबांसाठीही.

तुमच्या १२ हजारांत माझ्या मते आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग सफाई, कीबोर्ड-माउस, एसएसडी आणि केसिंग. एवढ्यात बरेच पैसे जातील आणि मॉनिटरला उरणार नाहीत असं दिसतं. तो कापूस विकल्यावर घ्या. तोवर विटांवरचा लॅपटॉप आणि वेगळा कीबोर्ड एवढ्यानं मान मोकळी होईल, फक्त अक्षर थोडं मोठं करून ठेवा.

मला दोन गोष्टी लिहून कळवा. पिन काढल्यावर लॅपटॉप किती मिनिटं चालला, आणि वायरमननं अर्थची तार कुठं जाते म्हणून सांगितलं. तार न्यूट्रललाच जोडलेली निघाली, तर पत्राची वाट पाहू नका, तो जोड त्याच दिवशी त्याच्याकडून काढून घ्या.